पूर्णेत सोडलेलं टिपण

मी एक जुनं पत्र्याचं नळकांडं आहे. हातभर लांब, मनगटाएवढं जाड, एका टोकाला घट्ट बसणारं झाकण. मित्रांनो, आज माझ्या पोटात भेंडीचं आणि दोडक्याचं बी आहे आणि अंगभर गंज. पण कधीकाळी माझ्यात एका माणसाचं वय ठेवलेलं होतं. ते कसं हरवलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे. गोष्ट हसण्यासारखी नाही.

माझा जन्म पूर्णा स्टेशनाजवळच्या बाजारातला. घासलेटच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून एका कारागिरानं मला वळवलं आणि डाग दिला. चुडाव्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या धुरपताबाईंनी पायलीभर ज्वारी मोजून मला घरी नेलं. त्यांना दोन मुलगे होते, थोरला आश्रुबा आणि त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटा सटवाजी. गावच्या जोशीबुवांनी दोघांची जन्मटिपणं लिहून दिली होती, ती उंदरांनी खाऊ नयेत म्हणून मला आणलेलं. दोन्ही टिपणं एकात एक गुंडाळून माझ्यात ठेवली, तेव्हा मला फार मोठेपण वाटलं होतं. घासलेटच्या वासाच्या पत्र्याला कोण एवढा मान देतो?

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. आठ दिवसांत घरचा धनी गेला आणि पाठोपाठ पंधरा वर्षांचा आश्रुबा. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं टिपण नदीत सोडायची रीत होती. धुरपताबाई तेराव्याला मला घेऊन पूर्णेवर गेल्या, झाकण काढलं, आश्रुबाचा कागद बाहेर घेतला, छातीशी धरला आणि परत आत घातला. लेकराचं तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. मलाही तो कागद जड वाटला नाही.

तीन वर्षांनी सटवाजीनं निजामाच्या पलटणीत जायचं मनावर घेतलं. त्या वेळी नियम सरळ होता. पंधरा वर्षं चाकरी करा, मग मरेपर्यंत घरी बसून पेन्शन खा. पण भरतीला अठरा पूर्ण लागत होती आणि सटवाजी होता पंधराचा. आता मित्रांनो, टिपणावर हाकेचं नाव नसतं, राशीचं असतं. आश्रुबाच्या टिपणावर 'भीमाजी' लिहिलेलं होतं. ते कोणत्या भावाचं, हे जोशीबुवा आणि आई सोडून कुणाला ठाऊक असणार? जोशीबुवा तर केव्हाच वारले होते.

दसऱ्याच्या आधी धुरपताबाई पुन्हा मला घेऊन नदीवर गेल्या. आश्रुबाचं टिपण आता सटवाजीचं म्हणून दाखवायचं होतं, आणि एकाच मुलाची दोन टिपणं घरात सापडली तर घोटाळा होईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी सटवाजीचं टिपण काढलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि पाण्यात सोडलं.

"आसरा बायांनो," त्या नदीतल्या देवतांना म्हणाल्या, "ह्यो निस्ता कागुद हाय. माझं लेकरू म्या तुमाला दिलेलं न्हाई. ध्यानात ठिवा."

कागद वळणापर्यंत तरंगत गेला, मग दिसेनासा झाला. मेलेल्या लेकाची तीन वर्षं जित्या लेकाला मिळाली आणि भरतीच्या मुन्शीनं ती मुकाट्यानं लिहून घेतली.

छावणीतली पहिली चौदा वर्षं माझ्या सुखाची. सटवाजी मला दर रविवारी तेलाच्या चिंधीनं पुसायचा. चाकरीचे कागद, चांगल्या वागणुकीचा दाखला, सगळं माझ्यात. मी असा लखलखायचो की हवालदारानंही एकदा कौतुक केलं. सटवाजीचं लग्न झालं. बायको बायनाबाई गावी सासूजवळ राहायची. तो रजेवर आला की दोघी एकच विचारायच्या, "आता किती ऱ्हायलं?" तो बोटं दाखवायचा. पाच. मग तीन. मग एक.

त्या एका बोटावर घात झाला. १९३५ साल असेल. मैदानात पलटण उभी करून नवा हुकूम वाचला. पेन्शनीला आता पंधरा नाही, अठरा वर्षं लागतील, आणि पस्तिशीनंतर कुणाही शिपायाला चाकरीत ठेवणार नाहीत. मधेच पस्तिशी गाठली तर हातावर एकरकमी इनाम ठेवून घरी. जे आधीच घरी बसले होते त्यांना धक्का नव्हता, नवे येणार होते ते नवा हिशेब मांडून येणार होते. मेले ते मधले, उन्हात उभे असलेले.

बराकीत त्या दिवशी जेवणं तशीच राहिली. किशनराव नावाचा एक शिपाई होता, त्याचे चार महिने उरले होते. तो ट्रंकेवर बसून म्हणाला, "आमी अंगठा दिला तवा कागद येगळा हुता ना? मंग आता दुसऱ्याच कागदानं कसं मोजायलेत?" सटवाजीनं माझं झाकण काढलं आणि टिपण उलगडून नुसता बघत बसला. त्याच्या खऱ्या वयानं अठरा वर्षं आरामात भरत होती. कागदावरच्या वयानं दीड वर्ष कमी पडत होतं.

परभणीच्या कचेरीसमोर बन्सीधर नावाचे एक अर्ज लिहिणारे बसायचे. सटवाजीनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "हे बोललास तेवढं बास. खोट्या वयावर भरती झाली म्हणून सारी चाकरीच पुसून टाकतील. गप इनाम घे, बैलजोडी घे." सल्ला कडू होता पण शहाणपणाचा होता. सटवाजीनं तो मानला.

१९३८ च्या चैत्रात त्याची पस्तिशी लागली, म्हणजे आश्रुबाची. वर्दी जमा करायच्या दिवशी धुरपताबाई हट्टानं बरोबर आल्या. चुडाव्याला गाडीत बसल्यापासून त्यांनी मला पदराखाली धरून ठेवलं होतं. "म्या निस्ती सायबाच्या पाया पडती," एवढंच त्या म्हणाल्या. सटवाजीनं बिचाऱ्यानं खरं मानलं.

साहेबांच्या मेजावर इनामाचा कागद तयार होता. सटवाजीनं अंगठ्याला शाई लावली. तेवढ्यात धुरपताबाई पुढे झाल्या.

"सायेब, थांबा. ह्ये वय ह्याचं न्हाई. थोरल्याचं हाय, मानमोडीत मेला त्याचं. ह्यो तीन वर्सानं ल्हाना हाय. ह्याला आजूक दीड वरीस ठिवा, तुमाला पुण्य लागंल."

"आये, गप!" सटवाजी ओरडला. सोळा वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

साहेबांनी दौतीचं झाकण लावलं. "बुढिया, फिर इसका असली कागज किधर है?"

धुरपताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय देणार? माझ्यात नव्हतंच ते.

"पूर्णेत सोडलं सायेब. म्याच सोडलं."

साहेब दुष्ट नव्हते, असं मी म्हणेन. त्यांनी मान खाली घालून नियमाप्रमाणे लिहिलं. खोट्या वयावर भरती, म्हणून नाव कमी. इनामही नाही. टिपण पुरावा म्हणून फायलीत गेलं. ते काढताना धुरपताबाईंनी माझं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, शिपायाला त्यांची बोटं सोडवावी लागली. पेन्शन गेली, आणि आश्रुबाही दुसऱ्यांदा गेला.

परतीच्या गाडीत मायलेक समोरासमोर बसले. सटवाजी आईला एक वाकडा शब्द बोलला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मला वाटतं, बोलला असता तर त्या जगल्या असत्या. पुढच्या पोळ्याच्या आत त्या गेल्या. त्यांचं टिपण कधी नव्हतंच, त्यामुळे नदीत सोडायला काही नव्हतं. वर्षभरानं लढाई लागली आणि पलटणीला माणसं हवी झाली. सटवाजी भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. फाईल निघाली आणि तो परत आला. मग तो दुसऱ्यांच्या रानात सालगडी राहिला आणि बायनाबाईंनी माझ्यात बी भरलं.

निजामाचं राज्य गेलं त्या १९४८ च्या हिवाळ्यात एक नवा कारकून घरोघर नावं लिहीत आला. "वय?" त्यानं विचारलं. सटवाजी दारात बसला होता. त्यानं कोनाड्यात माझ्याकडे पाहिलं.

"तुमाला जे लागंल ते लिवा," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं नळकांडं असेल, तर त्याला तेलाची चिंधी लावा, गंज लवकर चढतो. आतले कागद कुणाचे, ते आई आहे तोवर तिला विचारून घ्या. आणि पुढे तुमच्यापैकी कुणाच्या हाती नियम बदलायची लेखणी आली, तर आधी रांगेतल्या मधल्या माणसांना हाक मारा. त्यांची बोटं मोजा. एकच बोट उरलं असेल, तर तेवढं भरू द्या.