नाण्यावाचून अडतं कुठं?

मी एक बाजारातून बाद झालेलं नाणं बोलतोय. कडा झिजल्या, तेव्हा बाईंनी मला आपल्या टेबलावर जागा दिली. बाई गणनशास्त्राच्या प्राध्यापिका. जागा दिली ती माया म्हणून नव्हे हो! वैरी डोळ्यांसमोर असावा म्हणून.

वैर कसलं, ते सांगतो. समजा, गणितं सोडवणारी दोन यंत्रं आहेत. एक नाकासमोर चालणारं, प्रत्येक पायरी आधीच ठरलेली. दुसरं अडलं की नाणं उडवतं आणि छापा-काटा बघून वाट धरतं. यात जास्त ताकद कुणाची? दुसऱ्याची, असं कुणीही म्हणेल. बाईंचं म्हणणं, दोघं तोडीस तोड. नाण्यावाचून काही अडत नाही. पण हे कुणालाच सिद्ध करता आलेलं नव्हतं. बाईंनी त्यापायी उभा जन्म घातला. म्हणजे मी बिनकामाचा, हे ठरवण्यात! त्यांचे यजमान मला चेष्टेनं 'सवत' म्हणायचे.

एक दिवस सिद्धता पुरी झाली. बाई एकट्याच हसल्या. मला म्हणाल्या, "सुटलास रे बाबा." मला फार वाईट वाटलं.

शेजारच्या खोलीतले सर, बाईंचेच जुने विद्यार्थी, ती सिद्धता वाचायला बसले. मध्येच थांबले.

"बाई, रागावू नका. इथं तुम्ही म्हणता, यातली एक चांगली वाट घ्या. कुठली?"

"अरे, बहुतेक सगळ्या चांगल्याच आहेत."

"मग एक दाखवा ना."

बाई खडू घेऊन फळ्यापाशी उभ्याच राहिल्या. बोट ठेवून एकही दाखवता येईना. डोळे मिटून उचलायची, म्हणजे नाणंच उडवायचं की! क्षणभर मला आनंद झाला. मग बाईंचा चेहरा दिसला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुन्हा मांडू, बाई. मी आहे ना."

"डोळे साथ देत नाहीत रे आता. मांडू की सोडू?"

चहा की कॉफी, हेसुद्धा विचार करून ठरवणाऱ्या बाईंनी मला उचललं. "छापा पडला तर मांडू."

हवेत मी जिवाच्या आकांतानं छाप्याकडे वळायला बघत होतो. काटा पडला.

"बाई, आणखी एकदा उडवा."

"नाही. एकदाच."

त्यांनी मला सरांच्या हातात दिलं आणि खोलीला कुलूप लावलं.

आता मी सरांच्या टेबलावर असतो. बाई इकडे फिरकत नाहीत. बाबांनो, एकदाचं सिद्ध करून टाका, की मी बिनकामाचा आहे. बाई आहेत तोवर करा. मी काही वाईट वाटून घेणार नाही.