रिकामी पाकिटं

सुचिताच्या पायमशीनची कुरकुर सगळ्या कोळीवाड्याला पाठ झाली होती. सुचिता स्वतः कधी कुरकुरत नसे, तेव्हा तिच्या वाटणीचंही मशीनच कुरकुरत असावं. पहाटे जेटीवर मासळी घ्यायची, पाटी घेऊन दिघीहून एसटीने बोर्ली पंचतनचा बाजार गाठायचा, दुपारी परत येऊन उन्हात वाळत घातलेला जवळा, ती इवलीशी कोळंबी, हलवायचा, मग भांडीकुंडी आणि सासूचं औषधपाणी उरकून मशीनवर बसायचं, असा तिचा दिवस. नवरा सदा खलाशी. तो बोटीवर असला की दिसत नसे आणि घरी असला की झोपलेला असे. पाटी वाहून वाहून सुचिताची मान अशी धरली होती की कुणी मागून हाक मारली तर ती अंगासकट वळायची.

शिवणाचं काम विनिताकडून आलं. विनिताचं बोर्लीत रुखवताच्या सामानाचं दुकान होतं. लग्नात पैसे कागदी पाकिटातून द्यायची आता लोकांना लाज वाटू लागली होती म्हणे. खणाच्या कापडाची, आतून अस्तर लावलेली, तोंडाशी गोंड्याची नाडी असलेली इवलीशी पाकिटं हवी होती. वरच्या रुपयासाठी आत वेगळा कप्पा हवा, आणि मुंबईकडच्या पाहुण्यांना देतात ती गिफ्ट कार्डंही त्यात मावायला हवीत. गिफ्ट कार्ड कसं असतं ते सुचिताला ठाऊक नव्हतं. विनिताने आपलं एटीएमचं कार्ड मापाला दिलं आणि समजावलं, की असंच असतं, आत पैसे असतात पण दिसत नाहीत. आमच्याकडेही तसेच असतात, असं म्हणून सुचिता हसली. त्या महिन्यात ती हसल्याची तेवढीच नोंद.

माणगावच्या एका ट्रकवाल्यांच्या घरी लग्न होतं. वरपक्षाच्या मानकऱ्यांना मुलीची आई, कमळताई, या पाकिटांतून मान देणार होत्या. त्यांना काम पसंत पडलं तर पुढे वर्षभराचं काम तुलाच, असं विनिताने कबूल केलं होतं. म्हणजे पाटी सुटणार होती. ही गोष्ट सुचिताने घरात कुणाला सांगितली नाही, कारण सांगितली की ती हातची जाते असं तिला वाटे. पण कापड कापताना, अस्तर उलटवताना, बोटात सुई घुसली तरी तिच्या मनात तेवढंच होतं: पाटी सुटेल, मान सुटेल.

शेवटी बोटं चिरली आणि नाडीच्या बारीक भोकांतून दोरी जाईना. तेव्हा तिने ते काम सासूला दिलं. चंद्राबाईंचं सगळं आयुष्य जाळी विणण्यात आणि सांधण्यात गेलं होतं. डोळ्यांत आता चुना फासल्यासारखं पांढरं पडलं होतं, पण बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. पडवीत जवळ्याच्या टोपलीशेजारी बसून म्हातारी मन लावून नाड्या ओवत राहिली. ओवून झाल्या की तोंडं आवळून बांधून ठेवा, एवढं सांगून सुचिता आत कलंडली ती सकाळीच उठली. पाकिटं रांगेत लावून तयार होती. गाठी जरा घट्टच वाटल्या, पण एसटी चुकली असती. तिने सगळी पिशवीत भरली आणि पाटीऐवजी ती पिशवी घेऊन निघाली. किती दिवसांनी डोक्यावर काही नव्हतं, त्यामुळे चालताना तिला उगाच कुणीतरी ढकलल्यासारखं वाटत होतं.

दुकानात कमळताई स्वतः येऊन बसल्या होत्या. पाकिटं काचेच्या काउंटरवर मांडली तेव्हा त्यांनी एक उचलून उलटसुलट पाहिलं, काठाची शिवण पाहिली आणि सफाई आहे हो हाताला, असं म्हणाल्या. मग कमळताईंनी नाडी ओढली. ती सुटेना. जाळ्याची गाठ ती, ओढली की आणखी आवळणारी. विनिताने कात्री आणून नाडी कापली, आतला कप्पा दाखवायला पाकीट उलटं केलं, आणि काउंटरवर चिमूटभर सुका जवळा सांडला.

क्षणभर कुणालाच कळेना. विनिताने दुसरं कापलं, तिसरं कापलं. सगळ्यांत तेच. कमळताईही मासे खाणाऱ्यांपैकीच होत्या, पण विहिणीच्या हाती खणाच्या पाकिटातून जवळ्याचा वास कोण देईल? त्यांनी नाकाला पदर लावला तेव्हाच सुचिताला कळलं की वास येतो आहे. त्या वासात ती झोपत होती, उठत होती, त्याला वास म्हणायचं हेही ती विसरली होती. कापडात, अस्तरात तो पार मुरला होता. लग्न परवावर आलं होतं आणि खण संपला होता. विनिता रागावली नाही, तेच वाईट. तिने मुंबईहून तयार पाकिटं मागवायला फोन उचलला, पिशवी परत दिली आणि पुढचं पुढे बघू म्हणाली. पुढचं बघू म्हणणारे लोक पुढचं बघत नसतात, एवढं जग सुचिताने पाहिलं होतं.

एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. सासूला काय काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, शब्द शोधावे लागले नाहीत. पिशवी मांडीवर होती आणि शेजारची बाई सरकून बसली होती.

पडवीत चंद्राबाई तशाच बसल्या होत्या. पावलं ओळखून त्यांनी तोंड वर केलं. सुचिताने पिशवी त्यांच्यापुढे आपटली.

"जवला कशाला भरलाव त्यांच्यात?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "मग रिकामीच धाडणार व्हतीस?" ती म्हणाली. "लग्नघरी रिकामं न्हाय धाडीत, गो. तू मान मोडून शिवलंस. रिकामं गेलं असतं तं लोकांनी तुला नाव ठेवलं असतं. माज्याकडं दुसरं काय हाय?"

सुचिताने जुळवलेले शब्द होते तिथेच होते, पण त्यांतला एकही आता उचलवेना. तिला राग आला होता, अजूनही होता, आणि त्याच्या खालून रडू येत होतं. इतक्या वर्षांत आपली मान कुणी पाहिली असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि पाहिली ती या आंधळीने. ती तिथेच जमिनीवर बसली.

"आवडली का त्यांना?" चंद्राबाईंनी विचारलं.

टोपलीतला जवळा उन्हात कडक झाला होता. सुचिताने पिशवी पदराआड ओढून घेतली.

"आवडली," ती म्हणाली. "रिकामी न्हाय धाडली म्हणून लय बरं वाटलं त्यांना."

म्हातारी खूश होऊन मान हलवत राहिली. सुचिता थोडा वेळ तिच्या शेजारी बसली, मग उठली आणि उद्यासाठी पाटी धुवायला घेतली.