खिळ्यावरून काचेआड

मित्रांनो, जरा जवळ या. तुमच्या-माझ्यामध्ये जाड काच आहे आणि माझा आवाज आधीच विरलेला. मी एक जुना काळा कोट आहे. माझ्या खाली पितळी पाटी आहे, तिच्यावर एका संताचं नाव आहे. ज्यांनी मला वापरलं त्या बाकीच्यांची नावं कुठेच नाहीत, म्हणून ती मीच सांगतो.

मला शिवलं ओरेस्ते शिंप्याने, इटलीतल्या पो नदीच्या कालव्याकाठच्या फोसानेरा गावात. डोंगरातल्या मेंढ्यांची खरबरीत लोकर आणि आत दुहेरी अस्तर. गावाने आपल्या नव्या धर्मगुरूंना, फादर आन्सेल्मोंना, पहिल्याच हिवाळ्यात मला भेट दिलं. त्यांनी जेमतेम आठवडाभर मला अंगावर घेतलं असेल. मग वेदीमागच्या खोलीच्या दाराला एक खिळा ठोकून मला त्यावर टांगलं आणि रविवारी मिस्सा संपल्यावर सांगितलं, "ज्याला थंडी वाजते त्याने न्यावा. मला विचारायला येऊ नका, मी झोपलेला असेन."

"आणि फाटला तर?" घंटा वाजवणाऱ्याने विचारलं.

"तर शिवून आणा. सुई काय एकट्या ओरेस्तेकडेच आहे?"

तेव्हापासून गावात रीत पडली. कोट न्यायचा, आणि परत टांगण्याआधी जिथे विरला असेल तिथे आपल्या घरच्या कापडाचं एक ठिगळ लावायचं. माझ्या पाठीवर सुईणीच्या परकराचा तुकडा होता, खिशावर पिठाच्या पोत्याचा. बायका खिळ्यापाशी उभ्या राहून एकमेकींचे टाके तपासायच्या. "हे कुणाचं गं शिवण? कोंबडी चालून गेल्यासारखं!" माझी मूळ लोकर कमी होत गेली, तिच्या जागी गाव येत गेलं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

कालवा फुटला त्या वर्षी एका घराच्या छपरावर बाळ जन्मलं. फादर होडीतून गेले आणि त्याला माझ्यात गुंडाळून घेऊन आले. ओलं, तांबडं, सशाच्या पिल्लाएवढं. इलारिओ त्याचं नाव. किती जणांना मी पांघरलं, पण वजन आठवतं ते त्याचंच. सारखं आपलं तोंड माझ्या अस्तराशी घासत होतं, दूध शोधत.

फादर पुढे बिशप झाले, मग रोमला जाऊन पोप झाले. तिथे त्यांनी बरंच काही बदललं म्हणतात. सख्ख्या भावाला सरदारकी नाकारली. चर्चमधल्या राखीव बाकांवरची श्रीमंतांची नावं काढायला लावली. ज्या ख्रिस्तप्रसादासाठी मुलांना बारा-तेरा वर्षांपर्यंत वाट बघायला लावायचे, त्यासाठी सातव्या वर्षीच पुढे बोलावलं. इलारिओ त्या पहिल्या रांगेत होता. थंडी मरणाची, म्हणून त्याच्या आईने मलाच त्याच्या अंगावर चढवलं होतं, आणि माझ्या बाह्या फरशीवर लोळत होत्या. गावाने रोमला पत्र लिहून विचारलं, कोट पाठवू का? दोन ओळींचं उत्तर आलं: "इथे प्रत्येक खोलीत शेगडी आहे. तुमच्याकडे नाही."

ते वारल्यावर चाळीस वर्षांनी त्यांना संत घोषित केलं. फोसानेरात तीन दिवस घंटा वाजल्या. चौथ्या दिवशी मला खिळ्यावरून काढून काचेत ठेवलं आणि कुलूप लावलं.

इलारिओ तेव्हा पंचावन्नचा होता. कालव्याचे दरवाजे उघडायचं काम त्याचं. हिवाळाभर पहाटे मला घेऊन जायचा. त्याची छाती नाजूक झाली होती. त्याही पहाटे तो आला. नवे धर्मगुरू, फादर फुल्जेन्सिओ, मेणबत्त्या लावत होते.

"फादर, कोट?"

"इलारिओ, तो आता पवित्र अवशेष आहे."

"अवशेष तर मी झालोय. तो चांगला धडधाकट आहे."

"अरे, संतांच्या अंगाला लागलेलं कापड आहे ते."

"माझ्या अंगाला जास्त लागलंय."

फादर वाईट नव्हते. त्यांनी मान खाली घातली. "चर्चच्या समितीने ठरवलंय. रविवारी तुझ्यासाठी प्रार्थना करू."

तो अंगातल्या बनियनवर मफलर आवळत धुक्यात निघून गेला. मी कुलपाआड कोरडा, उबदार.

पंधरा दिवसांत त्याला न्यूमोनिया झाला. समितीला दया आली. चांदीच्या कात्रीने त्यांनी माझ्या कोपराचा अंगठ्याएवढा तुकडा कापला, पांढऱ्या कागदात घालून त्याच्या बायकोकडे, नीवेसकडे पाठवला: रोग्याच्या छातीवर ठेवावा. तुकडा माझाच, म्हणून तिथलं मला सगळं कळलं.

नीवेसने तो खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला. "अहो, ही तर तुमची विजार."

"काय?"

"लग्नातली. उजव्या कोपराला मीच लावली होती. हा बघा माझा टाका."

इलारिओ हसला. हसता हसता खोकला आला, तो थांबेना. "म्हणजे संत मीच की."

"गप्प पडा," ती म्हणाली. तिने त्याची चादर हनुवटीपर्यंत ओढली, तुकडा बोटावर धरला. "अख्खा कोट मागितला, तर हा पाठवलाय. पांघरू कुठे? नखावर?"

तिसऱ्या दिवशी तो गेला. समितीच्या वहीत नोंद झाली की संतांच्या कोटाच्या स्पर्शाने रोग्याला शांत मरण आलं.

पण विजारीची गोष्ट गावभर झाली आणि समिती ओशाळली. शहरातून जाणकार आणला. त्याने संतांचं मूळ कापड तेवढं ठेवून सगळी ठिगळं उसवली. परकर, पोतं, लहान पोरांच्या सदऱ्यांच्या पट्ट्या, सगळं टोपलीत भरून शेगडीत घातलं. उरली कॉलर आणि अर्धी पाठ. ती तारेवर ताणून बसवली आहे. लोक लांबून येतात आणि तिच्यापुढे गुडघे टेकतात.

नीवेसही एकदा आली. मेणबत्ती लावली नाही. बराच वेळ बघत राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गं, ह्या कोटालाच उघडा केला."

मित्रांनो, कसर लागू नये म्हणून मला दर महिन्याला औषध मारतात. इतकं कुणी इलारिओला जपलं नाही. थोर माणसांच्या वस्तू जपा, मी नको म्हणत नाही. पण आधी त्यांनी त्या कशासाठी ठेवल्या होत्या ते विचारा. तुमच्या घरी एखादा जास्तीचा कोट असेल, तर थंडी सरायच्या आत कुणाच्या तरी अंगावर घाला. तो परत आला नाही, तर मागायला जाऊ नका.