मांजराचा निवाडा

सारजाबाईंच्या टोमॅटोला फुलं लागायची आणि झडायची. वैशाखातलं ऊन, दुसरं काय! सगळ्या वारूळवाडीत हीच गत होती, पण सारजाबाईंना ऊन आपल्याच रानावर डूख धरून आहे असं वाटे. फळ धरलं नाही तर सगळा उन्हाळा पाण्यात, ही धास्ती त्यांना लागून राहिली होती.

सून नूतन नारायणगावहून समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली घेऊन आली. फवारला की झाडाला ऊन सोसायला बळ येतं, असं तिला दुकानात सांगितलं होतं. तिनं झाकण उघडलं मात्र, सारजाबाईंनी पदर नाकाला लावला. थेट सुक्या बोंबलाचा वास!

"माळ घातलीया मी! मासळीचं पाणी माझ्या रानात पडायचं न्हाई."

"आत्या, शेवाळ हाय ते. आपल्या हिरीत असतं तसलंच, फकस्त समुद्रातलं."

"आन् मासं त्यातच लोळत्यात ना?"

नूतननं बाटलीचं झाकण परत लावलं.

शेवटी तोड सारजाबाईंनीच काढली. शेजारच्या जानकूचं मांजर सुकटीवर पोसलेलं. झाकणभर अर्क त्याच्यापुढे ठेवायचा. चाटला तर मासळी, नाही तर पाला.

मांजरानं हुंगलं, मिशा झाडल्या आणि सारजाबाईंकडे असं काही पाहिलं की त्याच ओशाळल्या. मग ते पाठ फिरवून सावलीत जाऊन पसरलं.

"पालाच हाय," सारजाबाई म्हणाल्या. "ऊन उतरलं की भर पंप."

झडायची ती फुलं झडलीच, पण नवी बरीचशी देठाला धरून राहिली. पुढे हिरव्या गोट्या दिसू लागल्या. सारजाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून त्या दाखवू लागल्या. औषधाचं नाव विचारलं की म्हणत, "ते आमच्या सुनंला ठावं!"

पहिल्या तोड्याचं पहिलं फळ घरातल्या थोरलीनं तोडायचं आणि देवापुढे ठेवायचं, ही त्या घराची रीत. तोड्याच्या दिवशी सारजाबाईंनी नूतनला पुढे ढकललं.

"आत्या, मान तुमचा हाय."

"गप. माझं ऐकलं असतंस तर आज रिकामं क्रेट घिऊन बसलो असतो. तोड."

नूतननं फळ तोडून सासूच्या हातावर ठेवलं. सारजाबाईंनी ते पदरानं पुसलं आणि सुनेच्याच तोंडाशी धरलं.

"आवं, देवाचं राह्यलं!"

"खा तू. त्यो थांबंल जरा."