चिंचेखालची सवत

देवळाच्या वाटेवर चिंचेपाशी पोचलं की भागीरथीची पोटरी कुणीतरी आवळून धरी. क्षणभर उभं राहिलं की सोडून देई. त्याच चिंचेखाली नवऱ्याची पहिली बायको साप चावून गेली होती. भागीरथी तिला रोज हळदकुंकू वाही.

"आई, पायाची नस आकसलीय, रक्त पोचत नाय. डॉक्टर तपासायला बोलावतायत ना?" सून भूमिका म्हणे.

"सवतीला डॉक्टर काय करणार गो?"

मग भागीरथी वैशाखरे गावाला बहिणीकडं गेली. तिथल्या सपाट सडकेवर घरापासून चिंचेपर्यंत होतं तेवढंच अंतर चालली, आणि तीच पकड आली. आसपास एकही झाड नव्हतं. पाऊल गार पडलं होतं.

सवतीची कधी वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली.

"भूमिकाला फोन लाव," ती बहिणीला म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."