डोमाच्या गळ्यातला टाय

मित्रांनो, मी लाखनीच्या श्यामराव फोटोवाल्यांचा कॅमेरा आहे. जुना म्हणा, चालेल. भंगार म्हणाल तर याद राखा! माळ्यावर पडलो असलो तरी माझी काच अजून शाबूत आहे आणि डोकंही अजून तापतं.

श्यामरावांनी मला नागपूरहून आणलं तेव्हा सत्तरचं साल होतं. लग्नं, बारशी, शाळेतली पोरं, सारं मी टिपलं. पण काय सांगू, त्या स्टुडिओत कुणाला हसायची मुभाच नव्हती! "हलू नका, तोंड मिटा," एवढंच श्यामराव बोलत. माणसं लाकडासारखी ताठ बसत. मला तर अगदी वीट येई.

मजा असायची ती रात्री. दुकान बंद करून श्यामराव मला गळ्यात अडकवून हायवेवर निघत. उभ्या ट्रकांचे दिवे, ढाब्याची भट्टी, पानठेल्यावरचे घोळके, हे सगळं ते हौसेनं काढत. तिथंच डोमा भेटला. गॅरेजवाल्यांनी फेकलेली बेरिंगं फळीला ठोकून पोरांनी गाड्या केल्या होत्या. बाकीची पोरं बसून घसरत. डोमा मात्र उघड्या अंगानं फळीवर उभा राहून पुलाच्या उतारावरून खडखड करत सुसाट येई.

"काका, मायाबी एक काढा ना!" तो ओरडला आणि श्यामरावांनी फ्लॅश मारला. हात पसरलेले, केस उडालेले, तोंडभर हसू. इतका जिवंत फोटो मी आयुष्यात दुसरा काढला नाही.

पुढे कावीळ झाली आणि डोमा गेला. त्याची आई बायजाबाई दुकानात आली. घरात पोराचा एकही फोटो नव्हता. "तो गाडीवरचा मोठा करून द्या जी, भिंतीवर लावाले," ती म्हणाली.

आता ऐका, आणि राग येणार नाही तर काय होईल ते तुम्हीच सांगा! श्यामरावांनी नुसता डोक्यापासून छातीपर्यंतचा भाग मोठा केला. फळी, उतार, दिवे, सारं कापून टाकलं. मग पाण्याचे रंग घेऊन बसले. गेलेल्या माणसाचा फोटो भारदस्त हवा, ही आमच्याकडची रीत. उघड्या अंगावर काळा कोट चढवला, गळ्यात टाय आवळला, हसरं तोंड रंगानं मिटवून टाकलं. वर हाताच्या सवयीनं कपाळावर कुंकवाचा टिळा! अहो, ते घर बौद्ध. एका गावात राहून एवढंही ध्यानात राहू नये? मी खुंटीवर लटकून नुसता धुमसत होतो.

बायजाबाईनं फोटो हातात घेतला आणि दारातल्या उजेडात धरला.

"हा कोनाचा पोरगा हाय जी?"

"तुमचाच डोमा आहे ना बाई. पाहा, कसा सायबासारखा केला."

"माया पोरानं कधी टिळा लावला? अन् याचं तोंड काहून बंद केलं?"

"गेलेल्या माणसाचा हसरा फोटो लावत नाही ना बाई."

"गेल्यावर काढला का तुमी? जिता होता ना तवा!"

तिनं पदराचं टोक टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि फोटो पुसायला लागली. "अवो, खराब होऊन जाईल!" श्यामराव ओरडले. तिनं ऐकलंच नाही. आधी टिळा गेला. मग टाय ओघळला. मग ओठांवरचा रंग सुटला आणि खालून डोमाचे दात दिसले, पुढचा एक तुटका.

"हा माया डोमा," ती म्हणाली आणि तिथंच खाली बसून रडली. मग अर्धा पुसलेला कोट तसाच ठेवून फोटो घेऊन घरी गेली. श्यामरावांनी पेल्यातलं रंगाचं पाणी ओतून दिलं आणि ब्रश बाजूला ठेवला. बरं झालं, मी म्हणतो!

मित्रांनो, आता रंगीत रोल आले आहेत, उद्या तुमच्याही हाती कॅमेरा येईल. धावणाऱ्या पोराला पकडून खुर्चीवर बसवू नका. आणि कुणी गेलं, तर त्याच्या चेहऱ्यावर ब्रश टेकवण्याआधी त्याच्या आईला विचारा.