शुद्धिमातेचा पिवळा रुमाल

गाझियाबादच्या त्या बँक्वेट हॉलमध्ये एरवी लग्नं लागायची. रविवारी सकाळी मात्र तिथे बायकांचे दोष निघायचे. आदल्या रात्रीची झेंडूची तोरणं अजून उतरवलेली नसत, खुर्च्यांवरचे साटीनचे झगेही तसेच असत, फक्त नवरानवरीच्या सिंहासनावर शुद्धिमाता येऊन बसत. त्या रविवारी गर्दी इतकी होती की मागच्या बायका चाटच्या रिकाम्या काउंटरला टेकून उभ्या होत्या. नोएडाच्या आयटी कंपन्यांतल्या होत्या, दिल्लीच्या सरकारी क्वार्टरांतल्या होत्या, दोघीतिघी तर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या होत्या. सगळ्यांच्या हातात एकेक पिवळा रुमाल.

दुखणंही सगळ्यांचं एकच, पण नाव कुणी घेत नव्हतं. माइक धरून बोलणारा माणूससुद्धा त्याला ‘वह रिपोर्ट’ म्हणत होता.

‘वह रिपोर्ट’ म्हणजे एचपीव्हीची. गर्भाशयाच्या तोंडाशी सापडणारा हा विषाणू शारीरिक संबंधांतून पसरतो आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो, एवढं प्रत्येकीने मोबाइलवर वाचलेलं होतं. त्यापुढचं वाचायचा धीर कुणाला झाला नव्हता. शुद्धिमातांचा सगळा पसारा त्या न वाचलेल्या पुढच्या ओळींवर उभा होता.

चौथ्या रांगेत वीणा बसली होती. पुण्याची, वय त्रेचाळीस, नोएडाच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करणारी. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि त्या दिवसापासून तिने घरात तोंड उघडलं नव्हतं. राघवशी तिच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. तिचं बाहेर कुठे काही नव्हतं. मग हे आलं कुठून? आणि राघवला सांगितलं, तर तोही हाच प्रश्न तिला विचारणार नाही कशावरून? डॉक्टरकडे जावं, तर तिथे सगळ्यांदेखत कुणी काही विचारलं तर? शेवटी महाराष्ट्र मंडळातल्या मयुराला तिने हळूच सांगितलं. मयुराला प्रत्येक गोष्टीवर कुणीतरी माहीत असायचंच. ती वीणाला थेट इथेच घेऊन आली.

“बहनों,” शुद्धिमातांनी सुरुवात केली, “हर औरत के भीतर एक गंगा बहती है. उसमें जब किसी और का नाला मिलता है, तब मशीन पॉझिटिव्ह बोलती है. मशीन को नाला दिखता है. नाले का पता हम बताते हैं.”

हॉल गहिवरला. मग पत्ते सांगणं सुरू झालं. एकेक बाई वर जायची, रुमाल पोटाशी धरायची, डोळे मिटायची. शुद्धिमाता चांदीच्या कलशातून गंगाजलाचे चार थेंब शिंपडायच्या आणि पिवळ्या रुमालावर डोळ्यांदेखत लालभडक डाग उमटायचा. डाग उजवीकडे आला तर दोष नवऱ्याकडून, डावीकडे आला तर बाईच्या मागच्या जन्माचा. ज्यांचे नवरे शेजारी उभे होते, त्यांचा डाग न चुकता मधोमध यायचा, आणि मधला डाग नणंदेच्या नजरेचा असतो असं कळायचं. नवरा सोबत आहे का, ही चौकशी सेविका दारातच करून घेत होत्या. गंगाजलाला एवढी माहिती आधी लागते, हे कुणाला विचित्र वाटलं नाही. चुका शोधून पोट भरणाऱ्या वीणालाही नाही.

मागच्या पडद्यावर रिपोर्ट झळकत होते. आधी पॉझिटिव्ह, वर्षभराने निगेटिव्ह, प्रत्येकावर टाळ्या. आणि अधूनमधून तोच इशारा: शुद्धी चालू असताना डॉक्टरचं औजार अंगाला लावू द्यायचं नाही, लावलं की दोष भडकतो.

वीणाचा डाग उजवीकडे आला.

जिन्यावरून उतरताना तिच्याबरोबर एक पन्नाशीच्या बाई होत्या. साधनाताई, मूळ अकोल्याच्या, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला. मराठी ऐकून त्या थांबल्या आणि आपणहून बोलू लागल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या रिपोर्टात विषाणू तर होताच, वर पेशींमध्येही बदल दिसला होता. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून तुकडा काढायला सांगितलं होतं. माताजींच्या शब्दावर त्यांनी ती तारीख रद्द केली होती. त्यांचा दोष गेलेल्या नवऱ्याच्या अतृप्त आत्म्याचा निघाला होता.

“खरं सांगू?” त्या म्हणाल्या. “ऐकून बरं वाटलं. विधवा बाईला हा आजार म्हटल्यावर ऑफिसात लोक काय म्हणतील, यापेक्षा आत्मा परवडला.”

वीणा घरी आली ती नवऱ्याची झाडाझडती मनात घेऊनच. पुढचे काही दिवस राघवचं जे झालं ते बिचाऱ्यालाच माहीत. गुरुग्रामची मीटिंग लांबली की वीणा ती कुणाकुणाबरोबर होती हे विचारायची. नवा शर्ट घातला की कुणासाठी, फोन उलटा ठेवला की का. राघवच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं गुपित म्हणजे डॉक्टरांनी बंद केलेले समोसे तो ऑफिसच्या खाली खात असे, आणि तेही तेलकट बोटांवरून घरी सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने दोनदा विचारलं की काय झालंय. तिने दोनदा काही नाही म्हणून सांगितलं. रात्री ती त्याच्याकडे पाठ करून झोपायची आणि शेजारी कोण झोपलंय हे आपल्याला खरंच ठाऊक आहे का, याचा विचार करत जागी राहायची.

उलगडा झाला तो मोरीत. राघवच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं होतं. वीणाने डागावर कपड्याचा साबण घासला आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला.

तिचा हात थांबला. हा रंग तिने आयुष्यात शेकडो वेळा बघितला होता. तिच्या आईने, सासूने, त्या हॉलमधल्या एकूण एक बाईने बघितला होता. हळदीला साबण लागला की ती लाल होते. पूर्वी हळदीचंच कुंकू करत, तेही असंच. तिने पुढच्या शुद्धीसाठी मिळालेला शुद्धिमातांचा कोरा रुमाल कपाटातून आणला, खालच्या पानवाल्याकडून चुना आणून पाण्यात कालवला, वरचं निवळ पाणी घेतलं आणि चार थेंब टाकले. डाग उमटला, थेंब पडले तिथेच, उजवीकडे. लिंबू पिळलं तर डाग पुन्हा पिवळा झाला. फसवणुकीला आपण चुना लावणं म्हणतो. इथे तो अक्षरशः लावला जात होता.

तिला हसू आलं आणि मग रडू. राघव ऑफिसातून आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं: रिपोर्ट, माताजी, उजवी बाजू.

तो तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, “म्हणजे आठवडाभर मी कुणाबरोबर होतो, हे तू चुन्याला विचारत होतीस?” आणि थोड्या वेळाने, “मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की माझंही बाहेर कुठे काही नाही. आता मलाही भीती वाटतेय. डॉक्टरकडे कधी जायचं?”

डॉक्टर मैत्री मूळ नागपूरच्या, दवाखाना नोएडात. बोलायला सरळ आणि घाई नसलेल्या. त्यांनी दोघांनाही समोर बसवलं आणि वीणाचा रिपोर्ट शांतपणे वाचला. हा संसर्ग इतका सर्रास आहे, त्या म्हणाल्या, की लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि पत्ताही लागत नाही. तो वर्षानुवर्षं शरीरात गुपचूप राहू शकतो. आज सापडला म्हणून आज झाला असं नसतं. लग्नाआधीचा असू शकतो, कुणाकडूनही आलेला असू शकतो, आणि तो कुणाकडून आला हे सांगणारी तपासणी जगात कुठेच नाही. एकमेकांवर संशय घ्यायला हा रिपोर्ट काही कामाचा नाही.

औषधाचं काय, असं राघवने विचारलं. विषाणू मारणारं औषध नाही, डॉक्टर म्हणाल्या, आणि बहुतेकांना लागतही नाही. शरीर आपणच त्याला एकदोन वर्षांत हटवतं. काहींच्या बाबतीत तो चिवटपणे टिकतो आणि पेशी बदलू लागतात. तो बदल कॅन्सर होण्याआधी वर्षानुवर्षं दिसतो आणि वेळेत काढता येतो. म्हणून तर तपासणी. वीणाच्या पेशी नॉर्मल होत्या, विषाणूचा प्रकारही सगळ्यात धोक्याचा नव्हता. तिने वर्षाने पुन्हा तपासून घ्यायचं होतं. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, राघवने काही मस किंवा फोड दिसले तर यावं. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. आणि त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीला लस द्यावी. लस झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती आधीच घ्यायची असते.

“मग त्या पडद्यावरचे निगेटिव्ह रिपोर्ट?” वीणाने विचारलं. “ते खोटे?”

“खरे असतील,” डॉक्टर म्हणाल्या. “शंभर बायकांना नुसतं बसवून ठेवलं, तरी वर्षादोन वर्षांत बहुतेकींचे रिपोर्ट निगेटिव्ह येतील. बरं त्यांचं शरीर करतं, टाळ्या बाई घेतात. ज्यांचं बरं होत नाही, त्या पडद्यावर दिसतात का?”

त्या दिसत नव्हत्या. त्यातल्या एकीला वीणा ओळखत होती.

तिने साधनाताईंना फोन केला. साबणाचं सांगितलं, चुन्याचं सांगितलं, नागपूरच्या डॉक्टर मैत्रींचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रविवारी शुद्धी आहे म्हणून फोन ठेवला.

म्हणून वीणा रविवारी पुन्हा हॉलमध्ये गेली. तिचं नाव पुकारल्यावर वर चढली, पण स्वतःचा रुमाल तिने पुढे केला नाही. सेविकेच्या खोक्यातलं न फोडलेलं पाकीट उचललं, सगळ्यांसमोर फोडलं, आतला रुमाल माइकच्या दांडीवर टाकला आणि शुद्धिमाता काही बोलायच्या आत कलशात हात घालून पाणी शिंपडलं. रुमाल उजवीकडे लाल झाला.

“माताजी,” तिने माइकवर विचारलं, “इस डंडे के पति ने क्या किया है?”

मागून हसू फुटलं. वीणाने पर्समधून लिंबू काढलं, डागावर पिळलं, आणि पिवळा झालेला रुमाल उंच धरला. हळद आहे, चुन्याचं पाणी आहे, कपडे धुताना तुम्ही रोज बघता, असं तिने हिंदीत सांगितलं. 

शुद्धिमाता मुरलेल्या होत्या. “जिसके मन में शंका हो,” त्या डोळे मिटून म्हणाल्या, “उसके हाथ में गंगाजल भी चूना हो जाता है.” यावर अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या. सेविकांनी वीणाला दंडाला धरून खाली उतरवलं. मयुराने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काही बायका मात्र आपापले रुमाल खुर्चीवर ठेवून उठल्या. फार नव्हत्या, पण होत्या.

साधनाताई जिन्यात तिच्या मागोमाग आल्या. त्या रागावलेल्या होत्या.

“हळदीचं मलाही कळतं,” त्या म्हणाल्या. “मी काय मूर्ख आहे? पण आत्मा नाही, तर मग मला आलं कुठून? ते कोण सांगणार?”

“कुणीच नाही, ताई. तुमचे यजमान होते तेव्हाचंही असेल. इतकी वर्षं गुपचूप राहिलेलं असेल. कुणाला कळत नाही, आणि डॉक्टर ते विचारतही नाहीत.”

“विचारत नाहीत?”

“मला नाही विचारलं.”

साधनाताई पायरीवर बसल्या. पदराने डोळे पुसले. इतके महिने त्या आजाराला घाबरत नव्हत्याच. घाबरत होत्या त्या एका प्रश्नाला. मग त्यांनी विचारलं की त्या नागपूरच्या डॉक्टर सोमवारी असतात का.

दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढला. बदल बराच पुढे गेलेला होता, पण कॅन्सर झालेला नव्हता. छोट्या शस्त्रक्रियेने तेवढा भाग काढून टाकला आणि साधनाताई त्याच संध्याकाळी घरीही आल्या. आणखी काही वर्षं आत्म्याची शुद्धी चालली असती, तर काय काढावं लागलं असतं, हे डॉक्टरांनी त्यांना लपवून ठेवलं नाही. शुद्धिमातांनी पुढे गाझियाबाद सोडलं. आता त्या फरिदाबादच्या एका हॉलमध्ये बसतात म्हणे. तिथेही लग्नं होतातच, आणि मोरीत साबणही असतो.

जानेवारीत मंडळाची बस पानिपतला, तिसऱ्या लढाईच्या ‘काला आंब’ स्मारकाला गेली. परतताना अंधार पडला, गाण्याच्या भेंड्या संपल्या, आणि बायका हळू आवाजात बोलू लागल्या. साधनाताईंनी काही कुजबूज न करता, साध्या आवाजात आपल्या शस्त्रक्रियेचं सांगितलं, विषाणूच्या नावासकट.  मग मागच्या सीटवरून मयुराने विचारलंच, “पण ताई, तुम्हाला आलं कुठून?”

साधनाताई वळल्या.

“ते विचारत बसले म्हणून मरायची वेळ आली होती,” त्या म्हणाल्या. “तू तपासून कधी घेतलंस, ते सांग.”

 बसमधून उतरण्याआधी मयुराने वीणाकडे डॉक्टर मैत्रींचा नंबर मागितला.